यानमार २जीएम२० आणि साठ लिटरची टाकी: शिडाच्या बोटीच्या इंजिनदुरुस्तीच्या नोंदी, बडोदा

१८ नोव्हेंबर

इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी मुंबईहून ट्रकने मकरपुरा जीआयडीसीतल्या (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या) शेडमध्ये उतरली. बोट सत्तावीस फुटी, फायबरची, जुनी. ती तिकडेच यार्डात टेकूंवर उभी आहे. खाडीकाठच्या यार्डात उन्हात बसून हे काम धड होत नाही. इथे लेथ, आर्गन वेल्डिंग आणि पंप-नोझलची टेस्ट बेंच जवळजवळ एकाच रस्त्यावर मिळते. रसायन कारखान्यांसाठी स्टेनलेसची भांडी बनवणारं हे गाव आहे, त्यामुळे टाकीचं काम तर इथेच करायला हवं.

इंजिन यानमार २जीएम२०: दोन सिलिंडर, ६३५ सीसी, ३६०० फेऱ्यांना १८ अश्वशक्ती. नावापुढे एफ नाही, म्हणजे हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं वेगळं गोडं पाणी गार करणारा भाग) नाही. समुद्राचं खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. एफवाल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) सत्तरीच्या आसपास उघडतो, याचा ४२ अंशांना. खारं पाणी जास्त तापलं तर त्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसतात, म्हणून हे इंजिन मुद्दाम गार चालवतात. बाजारात दोन्ही थर्मोस्टॅट मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. विकत घेताना त्यावर कोरलेला आकडा वाचावा.

आधीच्या मालकाकडून आलेल्या तक्रारी दोन. एक: इंजिन सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं, मग दम तोडतं आणि थोडं थांबल्यावर पुन्हा सुरू होतं. दोन: फेऱ्या वाढवल्या की तापतं आणि काळा धूर सोडतं. सोबतच्या चिठ्ठीवर कुणीतरी ‘पंप गेला’ असा निकाल लिहून ठेवलाय, म्हणजे डिझेल दाबाने नोझलकडे ढकलणारा इंजेक्शन पंप. आम्हाला तो मान्य नाही. प्लंजर (आतला दट्ट्या) झिजलेला पंप विश्रांती घेऊन बरा होत नाही. थांबल्यावर इंजिन सुधारतं याचा अर्थ डिझेल कुठेतरी अडतंय आणि ओढ थांबली की अडथळा सैल होतोय. टाकीपासून पंपाच्या तोंडापर्यंतचा रस्ता निर्दोष ठरल्याशिवाय पंपाला पाना लावायचा नाही, हे आजच ठरलं.

१९ नोव्हेंबर

खोलण्याआधी मापं. डिकॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधला दाब सोडणारे) लिव्हर उचलून हँडलने क्रँक फिरवली. मोकळी फिरते, कुठे खरखर नाही. ऑइल काढून पाहिलं: काळं आहे, पण पांढुरकं नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. डिझेलचा वासही नाही. हा वास घेणं विसरू नये. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा फाटला तर डिझेल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि लोक ‘ऑइल खात नाही’ म्हणून खूश असतात.

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून त्या जागी ॲडॅप्टर लावून कॉम्प्रेशन घेतलं. पूर्ण चार्ज बॅटरी, स्टार्टरवर सात-आठ फेरे: पहिला सिलिंडर २७ बार, दुसरा २६. चमचाभर ऑइल घालून पुन्हा घेतलं तर दोन्हीकडे जेमतेम एक-दीड बार वाढ. रिंगा चांगल्या, व्हॉल्व्ह चांगले. हेड उतरवायचं नाही. चांगलं बसलेलं हेड ‘एवीतेवी खोललंच आहे तर’ म्हणून उचललं की नवं पॅकिंग, स्टड, सरफेसिंग, सगळं गळ्यात पडतं.

दुसऱ्या सिलिंडरचा नोझल गंजाने धरला होता. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, बॉडी वाकते. क्लॅम्प काढून कडेने भेदक तेल सोडलं, रात्रभर ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण दोन तासांनी पान्याने डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवत वर आला. तळाची तांब्याची जुनी वायसर भोकातच चिकटून राहते. ती आकड्याने काढली. ती राहून गेली आणि वर नवी बसवली, तर नोझल उंच बसतो आणि गॅस निसटतो.

२३ नोव्हेंबर

टाकी उघडली. खरी बातमी इथे आहे.

माइल्ड स्टीलची टाकी, आतून रंग नाही, तळाला चार-पाच मिलिमीटर काळा बुळबुळीत थर. डिझेलखाली पाणी साचतं आणि त्या दोघांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. खाणं वर, पाणी खाली. त्यांच्या आम्लाने पत्रा आतून खड्डे पडून खाल्ला जातो. तळाच्या एका कोपऱ्यात स्क्रायबर टेकवला तर आरपार गेला.

डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक पितळी जाळी होती. ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर त्या थराचा गच्च बुरखा होता. टाकी अशा जाळ्यांचं घर असता कामा नये. इंजिन चालू असताना गाळ जाळीवर ओढला जातो, बंद झालं की गळून पडतो: पहिल्या तक्रारीतलं ‘थोडं थांबल्यावर पुन्हा सुरू’ ते हेच. शिवाय टाकीच्या व्हेंटच्या (हवा आत येण्याच्या नळीच्या) तोंडावर रंग चढून भोक सुईएवढं उरलं होतं. व्हेंट बंद असला की डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढवत नाही. तपासायची सोपी रीत अशी की इंजिन दम तोडत असताना भरण्याचं झाकण उघडावं. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर दोष व्हेंटचा.

जुनं डिझेल आणि गाळ वेगळ्या पिंपात, लेबल लावून. गटारात एक थेंब नाही. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या वापरलेल्या तेलाच्या कारखान्याकडे जाईल.

ही टाकी दुरुस्त करायची नाही. ठिगळ लावायला वेल्डिंग करावं लागेल, आणि डिझेलची टाकी कितीही धुतली तरी गाळाच्या कपारीत वाफ धरून राहते. त्या जोखमीला काही अर्थ नाही.

२ डिसेंबर

नवी टाकी: एसएस ३१६एल (स्टेनलेस स्टीलची एक जात), २ मिमी पत्रा, ७०० × ४०० × २२० मिमी, म्हणजे काठोकाठ साडेएकसष्ट लिटर. हे इंजिन संथ चालीत तासाला दीड-दोन लिटर पितं, त्या हिशेबाने भरपूर. ॲल्युमिनियमचा पर्याय हलका आणि वाईट नाही, पण इथल्या वेल्डरकाकांचा हात रोज ३१६वर बसलेला आहे, आणि टाकीचं आयुष्य वेल्डवर ठरतं.

रचना अशी. तळ एका कोपऱ्याकडे उतरता, तिथे छोटी हौदी आणि खाली प्लग लावलेला ड्रेन. ओढणारी नळी हौदीच्या तळापासून २० मिमी वर, टोकाला जाळी नाही, टोक तिरकं कापलेलं. रिटर्न नळी (इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी) टाकीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे परत आलेलं गरम, फेसाळ डिझेल लगेच पुन्हा ओढलं जात नाही. मध्ये एक आडवा पडदा, वरचे आणि खालचे कोपरे कापलेले. वरून हवा जाते, खालून डिझेल. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी झाकणं. एकच झाकण ठेवलं तर दुसरा कप्पा कायम आंधळा राहतो.

स्टेनलेसला गंज चढत नाही हा गैरसमज आहे. साचलेल्या खाऱ्या पाण्याखाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे ३१६लाही खड्डे पडतात, आणि सुरुवात वेल्डच्या कडेच्या निळ्या-तपकिरी पट्ट्यातून होते. म्हणून वेल्ड करताना आतून आर्गन वायू सोडून ठेवायचा, नाहीतर मुळाशी साखरेसारखा खरबरीत थर येतो. माइल्ड स्टीलवर वापरलेली ग्राइंडिंग चकती किंवा तारेचा ब्रश या पत्र्याला लावायचा नाही. लोखंडाचे कण रुततात आणि महिनाभरात तांबडे ठिपके दिसतात. वेल्डनंतर पिकलिंग पेस्ट (वेल्डचा डाग काढणारी आम्लाची पेस्ट), हातमोजे आणि चष्मा घालून, आणि शेवटचं धुणं डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने.

९ डिसेंबर

टाकीची गळती चाचणी. दाब २० किलोपास्कल, साधारण ३ पीएसआय. कॉम्प्रेसरच्या गेजवर इतका कमी दाब वाचताच येत नाही, काटा हलतो न हलतो. त्यापेक्षा भिंतीवर पारदर्शक नळी यू आकारात लावून पाणी भरलं. दोन बाजूंच्या पातळीत दोन मीटर फरक म्हणजे २० किलोपास्कल. हवा सायकलच्या पंपाने. ७०० × ४०० च्या पत्र्यावर एवढ्या दाबाला साडेपाचशे किलोच्या वर जोर येतो, म्हणून कॉम्प्रेसरची नळी टाकीला थेट जोडणं धोक्याचं. मोठे पत्रे किंचित फुगले, पडद्याने धरून ठेवले. साबणाच्या पाण्यात झाकणाच्या एका बोल्टशी बुडबुडा दिसला. गॅस्केट बदलून व्हायटॉनचं (इंधनाला टिकणाऱ्या रबराचं) घेतलं. नंतर अर्ध्या तासात पातळी हलली नाही.

व्हायटॉनचा आग्रह अशासाठी: देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आहे, गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम. डिझेलची घडण बदलली की जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेले नायट्राइलचे (साध्या रबराचे) ओ-रिंग आकसतात आणि गळू लागतात. जुन्या इंजिनात नवं डिझेल टाकताना सगळे रबरी सील बदललेले बरे.

१६ डिसेंबर

पाण्याचा मार्ग. एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (धुरात थंड करणारं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप) काढला. वायू जायच्या भोकात करंगळी जाईना: काजळी, मीठ आणि गंज मिळून दगड झालाय. दुसऱ्या तक्रारीचं उत्तर जवळजवळ इथेच मिळालं. धूर बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ताजी हवा आत येत नाही, म्हणून काळा धूर; आणि पाणीही इथूनच बाहेर जातं, म्हणून तापणं. एल्बो खरवडून वापरता आला असता, पण हातोडीने ठोकून पाहिलं तर आतली भिंत एका जागी पोकळ वाजते. ती फुटली तर पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरेल. नवा घेतला.

पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची (फिरत्या रबरी चाकाची) दोन पाती गायब. तुटलेली पाती कुठेतरी असतातच. त्यांचा हिशेब लागेपर्यंत नवा इम्पेलर लावायचा नाही. एक पाइपाच्या बेंडमध्ये, दुसरं थर्मोस्टॅटच्या तोंडाशी सापडलं.

ब्लॉकमधले झिंक (ब्लॉकऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) संपून नुसते देठ उरले होते. नवे बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नये. झिंकला ब्लॉकच्या लोखंडाशी धातूचाच संपर्क हवा, नाहीतर झिंक जसंच्या तसं राहतं आणि ब्लॉक झिजतो.

२१ डिसेंबर

ब्लॉकची आतली साफसफाई. आधी पाण्याच्या जॅकेटमध्ये एक बार दाबाने पाणी भरून अर्धा तास ठेवलं, नोझलच्या भोकांतून आत बॅटरी मारून पाहिलं: सिलिंडर कोरडे. मग झिंक, थर्मोस्टॅट आणि ॲल्युमिनियमचे सगळे भाग उतरवले, कारण आम्ल त्यांना आधी खातं.

इन्हिबिटर (धातू खाऊ न देणारं रसायन) घातलेलं सल्फॅमिक आम्ल, ५ टक्के, म्हणजे वीस लिटर पाण्यात एक किलो. प्लास्टिकच्या पिंपातून छोट्या पंपाने फिरवलं, पाणी ५० अंशांच्या आसपास. साठच्या वर नेऊ नये, आम्ल स्वतःच विघटित होऊ लागतं. सायट्रिक आम्ल सौम्य असतं खरं, पण चुन्याचा थर जाड असला तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका तयार होऊन अरुंद वाटा बुजवतो. सल्फॅमिकचं कॅल्शियम मीठ विरघळलेलंच राहतं.

सुरुवातीला भरपूर फेस. पीएच पट्टी १ दाखवत होती, ती ४ कडे सरकली म्हणजे आम्ल संपलं. ते फेकून ताजं केलं. ताज्या आम्लाची पट्टी जागची हलेना आणि फेस थांबला तेव्हा काम झालं. शेवटी धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. शेडची दारं उघडी आणि जवळ ठिणगी नाही, कारण आम्ल आणि लोखंड एकत्र आले की थोडा हायड्रोजन निघतोच.

सगळ्यात महत्त्वाचं यानंतर: दाबाची चाचणी पुन्हा. कधी कधी गंजाचा खपलाच भोक बुजवून बसलेला असतो. दुसऱ्यांदाही सिलिंडर कोरडे राहिले.

४ जानेवारी

दोन्ही नोझल बेंचवर. उघडण्याचा दाब १७० किलो प्रति चौरस सेंमी हवा. एक १४५ला सुटत होता, दुसरा १५८ला. स्प्रिंगवरच्या शिम (पातळ चकत्या) बदलून दोन्ही १७०वर आणले. पण नुसता दाब जुळला म्हणून नोझल चांगला होत नाही. उघडण्याच्या दाबापेक्षा २० किलो कमी दाब धरून दहा सेकंद ठेवलं. टोकाला थेंब धरला तर सीट (सुई टेकते ती जागा) गेली. पहिल्याने थेंब धरला, म्हणून त्याची सुई-नोझल जोडी नवी टाकली. सुई आणि नोझल जोडीनेच घासलेले असतात, एकमेकांत अदलाबदल करायची नाही. चांगला नोझल हळू दाबला की किरकिर करतो आणि फवारा धुक्यासारखा निघतो. पिचकारीसारखी धार निघाली तर बाद. फवाऱ्यासमोर बोट कधीच आणू नये. तो कातडीतून आत शिरतो आणि जखम दिसते त्याहून फार खोल असते.

इंजेक्शन पंप तसाच, न उघडता, तोंडं बंद करून ठेवलाय.

११ जानेवारी

डिझेलची लाइन जोडली. टाकी, बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, व्हॅक्यूम गेज, फीड पंप, इंजिनवरचा फिल्टर, इंजेक्शन पंप. पहिल्या फिल्टरमध्ये २ मायक्रॉनचा कागद घालण्याचा मोह होतो, पण बारीक गाळणी ओढीच्या बाजूला लवकर बुजते. तिची जागा पुढच्या फिल्टरात. व्हॅक्यूम गेज नवीन कागदावर जवळजवळ शून्य दाखवतं, काटा चढू लागला की इंजिन बंद पडायच्या आधीच कळतं. दहा-पंधरा मिनिटांनी दम तोडणाऱ्या इंजिनावर हे गेज असतं तर पंपाकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

गॅल्व्हनाइज्ड फिटिंग एकही नाही: डिझेल जस्ताला धरून साबणासारखा पदार्थ तयार करतं आणि तो नोझलमध्ये जाऊन बसतो. बोटीतल्या होजवर आयएसओ ७८४० ए१ हा शिक्का हवा, म्हणजे आगीत काही मिनिटं टिकणारा. बॅन्जोच्या (पोकळ बोल्टच्या जोडाच्या) तांब्याच्या वायसर नव्या असल्या तरी लाल करून पाण्यात टाकून मऊ केल्या.

ओढीच्या बाजूची गळती डोळ्याला दिसत नाही. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून टाकीकडचं टोक बंद करून लाइनमध्ये ०.२ बार हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. फिल्टरच्या ड्रेनचा प्लग बुडबुडे देत होता.

चौदा-पंधराला उत्तरायण आणि वासी उत्तरायण, गावात एकही दुकान उघडं नसणार. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि गॅस्केट आजच आणून ठेवली.

१८ जानेवारी

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर ०.२ मिमी, दोन्ही सिलिंडर. इंजिनात १५डब्ल्यू-४० ऑइल सुमारे दोन लिटर, गिअरबॉक्समध्ये तेच ऑइल ३०० मिली. ओतून झाल्यावर डिपस्टिक हेच खरं माप.

एअर (डिझेलच्या लाइनमधली हवा) काढणं. फीड पंपाच्या हाताच्या लिव्हरने डिझेल चढवायचं. लिव्हर ढिला लागला आणि काहीच येईना, तर कॅम पंपाला दाबून धरून आहे. क्रँक एक फेरा पुढे फिरवावी, लिव्हर लगेच काम करू लागतो. यावरून कितीतरी चांगले पंप भंगारात गेलेत. आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजेक्शन पंपावरचा. मग नोझलकडचे दोन्ही नट एक फेरा सैल करून, ॲक्सिलरेटर पुढे ठेवून, स्टार्टरने फिरवायचं. नटाशी डिझेल ठेक्यात उसळू लागलं की कसायचं.

यात मोठा धोका पाण्याचा. इंजिन पेटत नसताना स्टार्टर मारत राहिलं तर पाण्याचा पंप पाणी ढकलतच राहतो, धुराचा जोर नसल्याने ते वॉटरलॉकमध्ये (एक्झॉस्टच्या वाटेतल्या पाण्याच्या डब्यात) साचतं आणि एल्बोमधून उलट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एअर काढताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद आणि पेटताच लगेच उघडा. बोटीवर असाल तर वॉटरलॉकचा ड्रेनही मोकळा ठेवा.

सकाळी हवा थंड होती. पाणी दोनशे लिटरच्या पिंपातून. काही सेकंद पांढरा धूर, मग स्वच्छ. लावलेल्या गेजवर ऑइलचा दाब लगेच उभा राहिला.

१ फेब्रुवारी

चाचण्या. बिनलोड इंजिन तासन्‌तास हळू चालवू नये. सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि रिंगा बसत नाहीत. अल्टरनेटरवर हेडलाइटचे बल्ब जोडून थोडा लोड दिला, फेऱ्या १८०० ते २५००, अर्ध्या-अर्ध्या तासाने. व्हॅक्यूम गेज हलला नाही. थर्मोस्टॅटजवळ पाणी ४८ अंशांवर स्थिर. एल्बोतून येणारं पाणी बादलीत मोजून घेतलं. फेऱ्या वाढल्या तसं पाणी वाढतं, म्हणजे वाट मोकळी आहे. दम तोडणं नाही. इंजेक्शन पंपाला कुणी हात लावलेला नाही, आणि आता लावायची गरजही नाही.

८ फेब्रुवारी

गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला, टॅपेट थंड झाल्यावर पुन्हा पाहिले. ब्लॉकमधून गोडं पाणी, मग अँटीफ्रीझचं मिश्रण फिरवून काढून टाकलं. इथे गोठायचा प्रश्न नाही, त्यातला गंजरोधक हवाय. इम्पेलर काढून पिशवीत, पट्टा सैल, सगळी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद.

पेटीवर बोटीत बसवणाऱ्यांसाठी कागद चिकटवला. कपलिंगचं अलाइनमेंट बोट पाण्यात उतरवून, टाकीत डिझेल भरून, एक दिवस गेल्यावर करायचं. जमिनीवर केलेलं धरायचं नाही, कारण हल (बोटीचा सांगाडा) पाण्यात आकार बदलतो. फ्लँजमधला फरक फीलरने चारही बाजूंना १०० मिमी व्यासामागे ०.१ मिमीच्या आत. एल्बोत पाणी शिरतं ती जागा पाणरेषेच्या १५० मिमी वर नसेल तर वर नेलेला बेंड आणि त्यावर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ न देणारा) आधी, इंजिन नंतर.